चामड्यातूनच उगवणारा काळा

पट्ट्यावर, पाकिटावर किंवा चपलेच्या अंगठ्यावर नावाचा ठसा मारला की पहिली काही मिनिटं अक्षर सुरेख गडद दिसतं. कारागीर वस्तू वाळायला ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर अक्षर जागेवर आहे, खोलीही तेवढीच आहे, पण काळेपणा गेलेला. गिऱ्हाईक म्हणतं, रंग उडाला. उडायला रंग लावलेलाच नव्हता. ठसा मारण्याआधी चामडं ओलं करावं लागतं आणि दिसत होती ती त्या पाण्याची करामत. कोरड्या चामड्याच्या तंतूंमध्ये हवा असते. उजेड तंतूवरून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूवर असा आपटत विखुरतो, म्हणून पृष्ठभाग फिका दिसतो. हवेच्या जागी पाणी आलं की विखुरणं कमी होतं, उजेड आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. पाणी वाळलं की हवा परत येते आणि फिकेपणाही.

तरी थोडा गडदपणा मागे राहतोच. ठशाच्या दाबाने तंतू कायमचे एकमेकांना चिकटून बसतात, त्यांच्यामधली हवा निघून जाते. ठसा नीट बसला असेल तर अक्षराचा तळ भोवतालच्या चामड्यापेक्षा एखादी छटा गडद आणि किंचित चकचकीत दिसतो. जुने पुस्तकबांधणी करणारे एवढ्यावरच काम भागवत. चामडं दमट ठेवायचं, पितळी हत्यार बेताचं गरम करायचं आणि एकाच जागी दोनदा टेकवायचं. सोनं नाही, शाई नाही, तरी वेलबुट्टी चॉकलेटी उठते. यात उष्णतेचा अंदाज हाच सगळा हुन्नर. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं. त्यापुढे हत्यार तापलं तर अक्षराच्या कडा गोळा होतात, तळ कडक होतो आणि चार महिन्यांनी पट्टा वाकला की अक्षराच्या रेषेवरच तडकतो.

ओलसरपणाचाही असाच अंदाज लागतो. टपटपणाऱ्या चामड्यावर मारलेला ठसा फुगून वर येतो, कोरड्यावर मारला तर वरचा थर फाटतो. पाण्याचा बोळा फिरवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून काही तास ठेवायचं, आणि वरचा रंग जवळजवळ मूळचा दिसू लागला पण गालाला लावलं तर अजून गार लागतंय, अशा वेळी हातोडा उचलायचा. घाव एकच, सरळ. दुसरा घाव पहिल्याच्या जागी अचूक बसत नाही आणि अक्षराला सावली येते.

आता खरा प्रश्न: गडद हवं असेल तर काय करायचं? बाजारात याची उत्तरं पुष्कळ आहेत, पण मुळात ती दोनच जातींची. एक काळा चामड्याच्या वर बसतो, दुसरा चामड्यातूनच उगवतो. पहिला बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा जुना आहे, स्वस्त आहे, आणि त्याला लागणारा जवळजवळ सगळा माल नगर जिल्ह्याच्या रानात मिळतो. म्हणून हा लेख.

वर बसणाऱ्या काळ्यातली सगळ्यात सोपी रीत म्हणजे बूटपॉलिश. मेण, टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रावण आणि काळा रंग असं ते मिश्रण. बोटाने अक्षरावर चोळायचं, खोलगट भागात भरायचं, वरचं फडक्याने पुसून घ्यायचं. उठाव लगेच येतो. पण खाली चामडं उघडं असेल तर पॉलिश सपाट भागातही मुरतं आणि अक्षराभोवती मळकट सावली राहते. म्हणून जाणकार आधी पातळ लाखेचा किंवा मेणाचा हात सगळीकडून देतात, तो पूर्ण वाळू देतात आणि मगच काळा भरतात. मग सपाट भागावरचा रंग सहज पुसला जातो. याच कामासाठी तयार मिळणाऱ्या दाट पेस्टही आहेत. त्यांतही तत्त्व हेच: वरची पातळी आधी बंद करायची, खोली उघडी ठेवायची. शेवटी सगळ्यावर रोगणाचा पातळ थर.

यात खोट एकच. रंग खड्ड्यात नुसता पडून असतो, त्याचं चामड्याशी नातं जुळलेलं नसतं. नगरचा पारा एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. कमरेचा पट्टा घामाने भिजतो, मेण मऊ पडतं आणि शर्टाच्या आतल्या बाजूला उलटं नाव छापलं जातं. खूण करायच्या काळ्या पेनचं तर बोलायलाच नको. काही दिवसांत अक्षर जांभळट होतं आणि कडेने पसरतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेले चामड्याचे रंग तंतूंत शिरतात, ते बरेच टिकाऊ. मात्र स्पिरिट धावतं फार. बारीक ब्रशचं टोक अक्षराच्या तळाला टेकलं की रंग काठ ओलांडून बाहेर. अशा वेळी ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, अक्षराच्या मध्यापासून कडेकडे जायचं.

चामड्यातून उगवणाऱ्या काळ्याची ओळख मात्र प्रत्येक घरात आहे, फक्त चामड्याशी जोडून कोणी तिचा विचार करत नाही. आवळे किंवा केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की फोडी काळ्या पडतात, विळीचं पातंही काळवंडतं. वनस्पतीतला तुरटपणा म्हणजे टॅनिन. लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळं संयुग तयार होतं. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याच्या तंतूतंतूत हेच टॅनिन भरलेलं असतं. त्याला लोखंड पाजलं की चामडं स्वतःच काळं होतं. जुन्या चपलेच्या खिळ्याभोवती, पट्ट्याच्या लोखंडी बक्कलाखाली जो निळसर काळा डाग दिसतो, तो मळ नव्हे. ही तीच क्रिया, नको त्या जागी घडलेली. म्हणूनच ओल्या चामड्यावर उघड्या लोखंडाचा ठसा मारू नये असं सांगतात. अक्षरासोबत भोवतीही काळा फुटतो. पितळी किंवा मुलामा दिलेले ठसे वापरण्याचं हे एक कारण. आणि ज्याला काळंच अक्षर हवं आहे, त्याला याच दोषात वाट सापडते.

मात्र ही वाट प्रत्येक चामड्यावर चालत नाही. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्त्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोमची कमाई रुजवली. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचं असतं, कारण सालीला जिथे कित्येक आठवडे लागतात तिथे क्रोमचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. ते मऊ असतं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, जाकिटाला आणि बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. पण ठसा त्याला मानवत नाही. दाबलं की रबरासारखं परत येतं. शिवाय त्यात टॅनिन नसल्यामुळे लोखंडाचं पाणी (त्याची कृती पुढे येते) लावलं तर फार तर गंजकट पिवळा डाग पडतो, काळा उगवत नाही. बाजारात घेताना कापलेली कड बघावी. आतून निळसर राखाडी असेल तर क्रोम, बदामी किंवा तांबूस असेल तर सालीचं. रंगवलेल्या कडेने फसायला होतं. तेव्हा उलट्या बाजूला लोखंडाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. दोन-चार मिनिटांत काळा पडला तर माल आपल्या कामाचा. रेक्झिनला आणि ‘फोम लेदर’ म्हणून खपणाऱ्या प्लॅस्टिकला ही परीक्षा लागू नाही. तिथे थेंब नुसता ओघळून जातो.

कातडं कमावायला आपल्याकडे काय वापरत, हे पाहिलं तर नगर जिल्हा दोन भागांत वाटला जातो. पश्चिमेला अकोले तालुका, म्हणजे हरिश्चंद्रगड, भंडारदरा, कळसूबाईचा मुलूख. इथल्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात आदिवासी कुटुंबं कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवतात. तो औषधाला जातो. कातड्याला लागतो तो पोसलेला, मोठा हिरडा. त्याच्या सालपटात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास टॅनिन असतं. इंग्रजी अमलात मुंबई बंदरातून हिरड्याची पोती विलायतेच्या कातडी कारखान्यांकडे जात. पूर्वेकडचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हे तालुके कोरडे. तिथे बाभूळ आणि तरवड. नवरात्रात घटाला ज्या पिवळ्या फुलांची माळ घालतात तेच तरवडाचं झुडूप. माळरानावर कोणी न लावता वाढतं, शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. याच्या सालीत १५ ते २० टक्के टॅनिन असतं. दक्षिण भारतातला कातड्याचा एके काळचा प्रचंड व्यापार तरवडाच्या सालीवर उभा होता. बाभळीची सालही त्याच कामाची.

या झाडांचं टॅनिन एका जातीचं नाही, आणि अक्षराच्या रंगात तो फरक उघड दिसतो. हिरड्याचं टॅनिन लोखंडाशी निळसर काळा देतं, शाईसारखा. तरवड आणि बाभळीचं टॅनिन हिरवट काळा देतं. रेणूच्या कड्यावर शेजारी शेजारी तीन हायड्रॉक्सिल गट असले तर निळी झाक, दोन असले तर हिरवी, असा साधारण हिशेब आहे. एकट्या तरवडावर कमावलेलं चामडं उन्हात तांबूस पडतं. हे व्यापाऱ्यांना नडायचं, म्हणून तरवडाच्या कुंडातून काढलेलं कातडं शेवटी हिरड्याच्या पाण्यात घालण्याची पद्धत होती. त्याने रंग उजळायचा आणि तांबडेपणाला आळा बसायचा. माझ्या मते हिरड्याचा हा शेवटचा हात केवळ रंगापुरता नव्हता. अक्षर काळं करणाऱ्याला त्याने वरच्या थरात, म्हणजे जिथे लोखंड पाजायचं नेमकं तिथे, निळा काळा देणारा साठाच तयार करून दिला.

हे काम कोण करत होतं ते सांगायला हवं. कातडी कमावणारे ढोर आणि वस्तू घडवणारे चर्मकार, या दोन समाजांच्या हातात हे सगळं रसायन होतं. विहिरीवरची मोट, तिची सोंड, नाडा, बैलाच्या गळ्यातले पट्टे, पखाली, वहाणा: पाण्याचा पंप आणि रबरी टायर येईपर्यंत शेतीचं एकही पान या कारागिरांवाचून हलत नव्हतं. चुन्यात केस सोडवणं, सालीच्या पाण्याची ताकद जिभेवर घेऊन ठरवणं, कातड्याचीच पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरून ती टांगणं, ही सगळी प्रयोगशाळेची कामं त्यांनी गावकुसाबाहेर केली. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांना पाटीवरचं अक्षर गिरवू दिलं नाही आणि ज्यांना अक्षर येत होतं त्यांनी या कामाकडे नाक मुरडलं. मराठीत या विद्येचं लिखाण इतकं तुटपुंजं का, याचं उत्तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

कृतीकडे वळतो. लोखंड पाजायचं म्हणजे त्याचं विरघळणारं रूप हवं. काष्ठौषधींच्या दुकानात हिराकस मिळतो, हिरवट खडे असलेलं फेरस सल्फेट. चहाच्या कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा पुरतो. जास्त घातल्याने जास्त काळं होत नाही, फक्त चामड्याचं नुकसान वाढतं. हिराकस पोटात गेला तर विषारी, मुलांना तर फारच, तेव्हा स्वयंपाकघरातलं भांडं त्यासाठी वापरू नये. हिराकस नको असेल तर शिर्का वापरावा. बारीक लोखंडी काथ्या किंवा गंजके खिळे साबणाने धुऊन, तेल काढून, बरणीत घालायचे आणि वर पांढरा शिर्का ओतायचा. झाकण सैल ठेवायचं, कारण आत हायड्रोजन सुटतो आणि घट्ट बरणी फुटू शकते. आठवडाभरात करडं पाणी तयार होतं, ते फडक्यातून गाळून घ्यायचं. आंध्रातले कलमकारी कारागीर काळ्या रेषेसाठी लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात कुजवतात. गूळ आंबतो, आम्ल तयार होतं, ते लोखंड खातं. उसाच्या नगर जिल्ह्यात, जिथे प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे ही तिसरी रीत कोणाला परकी वाटायला नको.

ठसा मारून चामडं पूर्ण वाळलं की सगळ्यात बारीक ब्रशने लोखंडाचं पाणी फक्त अक्षराच्या तळाला लावायचं. लावताना ते जवळजवळ रंगहीन असतं. नवशिक्यांना इथेच घाई होते, काही झालं नाही असं वाटून दुसरा, तिसरा हात मारला जातो. पण थांबायला हवं. द्रावणातलं लोखंड आधी ज्या रूपात असतं ते फिकं. हवेतल्या प्राणवायूने त्याचं रूप बदललं की काळा उमटतो, आणि अर्ध्या-एक तासापर्यंत गडद होत जातो. कमी वाटला तरच दुसरा हात.

पाणी पसरू नये म्हणून त्यात बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी दोन-चार थेंब मिसळावं. जुन्या शाईतही डिंक याचसाठी असे. बाभळीची गंमत अशी की कातडं कमावायला तिची साल, आणि काळा आवरून धरायला तिचाच डिंक. चामड्यात टॅनिन कमी पडत असेल, म्हणजे काळ्याऐवजी राखाडी येत असेल, तर लोखंडाआधी हिरड्याच्या काढ्याचा एक हात अक्षरात द्यायचा आणि वाळू द्यायचा. कडक चहाच्या पाण्यानेही काम होतं, पण हिरड्याची सर नाही. तेल मात्र आधी लावायचं नाही. तेलकट चामड्यात पाणी शिरत नाही आणि अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काळं होतं.

काळा बसल्यावरचं काम बहुतेक जण टाळतात आणि पुढे पस्तावतात. शिर्का असो वा हिराकस, दोन्ही आम्लधर्मी. हिराकसातून तर काळ्याबरोबर गंधकाम्ल मागे राहतं. अक्षर ओल्या बोळ्याने टिपायचं, मग पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्याचा एक हलका हात, मग पुन्हा साधं पाणी. सोडा जास्त झाला तर सालीचं चामडं सगळंच करपल्यासारखं तपकिरी होतं. वाळल्यावर तिळाच्या किंवा एरंडेल तेलाचा थेंब बोटावर घेऊन चोळायचा. तेलाने काळा एकदम खोल दिसू लागतो. आणि हो, काम करताना बोटं काळी होतात. नुसत्या लोखंडाच्या पाण्याने नाही, तर आधी चामडं हाताळून बोटांना टॅनिन लागलेलं असतं म्हणून. हातमोजे घालणं बरं.

रंगाची कथा इथवर. पण काळा कितीही उत्तम असला तरी अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि इथे देवनागरी कारागिराची परीक्षा घेते. रोमन लिपीचे सव्वीस ठसे घेतले की जगातलं कुठलंही नाव एकेक अक्षर मारून उठवता येतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं; शिवाय सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा. सुटे ठसे मारले तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा थोडी वर, थोडी खाली बसते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. छापखान्यांनी हा त्रास फार आधी भोगला. नगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झालं त्या सुमाराला मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम मराठी खिळे सुबक आणि सुटसुटीत करण्याच्या खटपटीत होते. कागदाला खिळ्यांतली फट खपते. चामड्यावर ती खड्ड्यातला उंचवटा होऊन बसते.

जिल्ह्याच्या नावाचंच उदाहरण घ्या. ‘अहमदनगर’मध्ये सात अक्षरं, आणि एकालाही काना, मात्रा, वेलांटी नाही. सुट्या ठशांनी मारायला देवनागरीत याहून सोपं गावाचं नाव मिळणं कठीण. २०२४मध्ये नाव ‘अहिल्यानगर’ झालं. चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव, पण ठसा मारणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्याच अक्षराला वेलांटी, तिसऱ्यात अर्धा ल, त्याला जोडलेला य आणि वर काना. हि-ची वेलांटी अ आणि ह यांच्या मध्ये घुसते, ल्या-तला अर्धा ल इतका बारीक की दमट चामड्यात तो बुडून जातो. यावर उपाय अख्ख्या नावाचा एकच पितळी ब्लॉक पाडून घेण्याचा. लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरं उठवणारे ब्लॉकवाले तो करून देतात. सुटे ठसेच वापरायचे असतील तर शिरोरेषा गाळलेले ठसे घ्यावेत आणि नाव पूर्ण झाल्यावर पट्टी धरून बोथट हत्याराने एकच सलग शिरोरेषा ओढावी. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. हाताची रेष जरा हलते, पण नाव एका धाग्यात ओवलं जातं.

काळा भरतानाही देवनागरीची पोकळी जपावी लागते. ध, भ, घ, ष यांच्या पोटातली जागा बारीक असते. लोखंडाचं पाणी तिथे दोन्ही बाजूंनी झिरपतं आणि पोट भरून ष-चा नुसता ठिपका होतो. म्हणून अक्षराची उंची ठरवताना सगळ्यात गुंतागुंतीचं अक्षर आधी भंगारच्या तुकड्यावर मारून, काळं करून बघावं आणि त्यावरून माप ठरवावं. चामड्याच्या जातीचाही फरक पडतो. म्हशीचं कातडं जाड, खोल ठसा घेतं, पण त्याचा दाणा भरड. बारीक अक्षराची कड तुटते. शेळीचं, म्हणजे आपल्या संगमनेरी शेळीचंही, दाण्याला सुबक पण पातळ. ठशाला खोलीच मिळत नाही, आणि उथळ अक्षरात वर बसणारा काळा टिकत नाही, कारण पुसणारं फडकं तळापर्यंत पोचतं. तिथे लोखंडाचाच काळा उपयोगी.

नगर हे लष्कराचं गाव. १९४८पासून रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, १९९४ साली उभं राहिलेलं रणगाडा संग्रहालयही. रणगाड्यांच्या आधी हे दल घोड्यांवर होतं आणि घोडदळ म्हणजे चामडंच चामडं: खोगीर, लगाम, तंग, पट्टे, म्यानं. ब्रिटिश काळातल्या अशा सामानावर कारखान्याचं नाव, साल आणि सरकारी बाणाची खूण ठोकलेली असे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणासोबत इंग्रजी आय. कानपूरच्या सरकारी हार्नेस आणि सॅडलरी कारखान्याचा शिक्का पुष्कळांवर सापडतो. ही अक्षरं ठोकली तेव्हा त्यांत रंग भरत नसत. आज ती काळी दिसतात, कारण वर्षानुवर्षांचं तेल, मेण, धूळ, घोड्याचा आणि माणसाचा घाम खोलगट जागेत साचत गेला आणि सपाट भाग हाताळून, पुसून चकचकीत होत गेला. म्हणजे आज बाजारात डबीत मिळणारी जुनाट रंगाची पेस्ट अर्ध्या तासात जे करते तेच, शंभर वर्षांत झालेलं. अशा वस्तू साफ करताना उत्साहाने अक्षरातला मळ खरवडून काढू नये. मळ गेला की वाचण्यासारखं काही उरत नाही.

काळ उलटही काम करतो. सालीचं चामडं उजेडात आणि हवेत आपोआप गडद होतं. नवं असताना बदामी असलेलं पाकीट दोन-तीन वर्षांत मधासारखं, मग गुळासारखं होतं. अशा वेळी सुरुवातीला चॉकलेटी रंगात भरलेलं अक्षर भोवतालात विरून जातं. म्हणून फिक्या चामड्यावर अक्षर आज डोळ्याला थोडं जास्त वाटेल इतकं काळं करावं. तपकिरी अक्षराची हौस असणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

लोखंडाच्या काळ्यावर एक आरोप आहे आणि तो खरा आहे: तो चामडं खातो. लोखंड आणि उरलेलं आम्ल मिळून तंतू हळूहळू तोडत राहतात. युरोपातल्या जुन्या पोथ्यांवर लोखंड-टॅनिनच्या शाईने लिहिलेल्या ओळी कित्येक ठिकाणी कागदातून गळून पडल्या आहेत, अक्षराच्या आकाराची भोकं ठेवून. आपली मोडी कागदपत्रं बहुतेक काजळाच्या शाईची, म्हणजे वर बसणाऱ्या काळ्याची, त्यांना हा रोग नाही. चामड्यात आणखी एक गोष्ट आड येते. पुस्तकांची चामडी बांधणी भुगा होऊन का झडते याचा तपास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने केला आणि तिचा अहवाल १९०५ साली निघाला. सगळी टॅनिनं सारखी टिकत नाहीत, हे त्यातून पुढे आलं. तरवडाच्या जातीची टॅनिनं शहराच्या धुरकट हवेत लवकर हार खातात, हिरड्याच्या जातीची जास्त तग धरतात. तेव्हा ग्रंथाची बांधणी किंवा दोन पिढ्या ठेवायची वस्तू असेल तर लोखंड जपून, पातळ, आणि सोड्याचा हात न चुकता. कमरेच्या पट्ट्याचं तसं नाही. तो अक्षर खाल्लं जाण्याच्या कितीतरी आधी भोकापाशी तुटतो, किंवा मालक त्यात मावेनासा होतो.

चुकून काठाबाहेर गेलेला काळा काढता येतो, हेही या रीतीचं एक सुख. लिंबाचा रस कापसाच्या टोकावर घेऊन डागावर लावला की लोखंड टॅनिनला सोडून लिंबाच्या आम्लाकडे जातं आणि डाग फिका होतो. हट्टी डागाला ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ पाणी लागतं. तेही विषारी, हात सांभाळून. रस अक्षरात शिरू द्यायचा नाही, आणि डाग निघाल्यावर ती जागा साध्या पाण्याने दोनदा टिपायची, नाहीतर राहिलेला आंबटपणा पुढच्या आठवड्यात शेजारच्या अक्षराचाही काळा पिऊन टाकतो.